सत्यान्वेषीची मालिका पुन्हा का पाहावी?



रहस्यकथेचे उत्तर एकदा कळले की ती कथा संपली, असा सर्वसाधारण समज आहे. खुनी कोण हे ज्याला ठाऊक झाले, त्याने तीच गोष्ट पुन्हा कशासाठी पाहावी? हा समज खरा असता, तर दूरदर्शनवर १९९३ मध्ये सुरू झालेली ‘ब्योमकेश बक्षी’ ही हिंदी मालिका आज कोणाच्या स्मरणातही राहिली नसती. प्रत्यक्षात १९९७ मध्ये तिचे दुसरे पर्व आले. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सारा देश घरात बसला, तेव्हा दूरदर्शनने जुन्या संग्रहातून ज्या मोजक्या मालिका पुन्हा दाखवल्या, त्यांत ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांच्या जोडीला ब्योमकेशही होता. अनेकांनी उत्तरे ठाऊक असूनही ती मालिका पुन्हा पाहिली आणि सोबत आपल्या मुलांनाही बसवले.

या टिकाऊपणाचे कारण शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे मत आरंभीच सांगणे बरे. या मालिकेचे खरे आकर्षण निर्णय लांबणीवर टाकण्याच्या शिस्तीत आहे. पुरावा हाती येईपर्यंत कोणालाही दोषी न ठरवणे, ही ती शिस्त. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या वनजिल्ह्यांत या शिस्तीचे मोल करमणुकीपुरते नाही, असेही मला वाटते. हे मत तुम्ही तपासून पाहावे, अशी अपेक्षा आहे.

मालिका आणि तिचा लेखक

प्रथम काही माहिती ध्यानात घेऊ. मालिकेचे दिग्दर्शन बासू चटर्जी यांचे. ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ या चित्रपटांतून मध्यमवर्गीय माणसांचे साधे जगणे दाखवणारे दिग्दर्शक म्हणून ते आपणास परिचित आहेत. ब्योमकेशची भूमिका रजित कपूर यांनी, त्याचा मित्र अजित याची भूमिका के. के. रैना यांनी केली. ब्योमकेशची पत्नी सत्यवती साकारणाऱ्या सुकन्या कुलकर्णी या मराठी रसिकांना पुढे ‘आभाळमाया’ या मालिकेमुळे घरच्यासारख्या वाटू लागल्या.

मूळ कथा बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) यांच्या आहेत. ब्योमकेशच्या पहिल्या कथा त्यांनी १९३० च्या दशकात लिहिल्या. १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहिण्यास मुंबईत आले आणि १९५२ मध्ये सिनेमाचा व्यवसाय सोडून पुण्यात स्थायिक झाले. मध्यंतरी पंधराएक वर्षे त्यांनी ब्योमकेशला बाजूला ठेवले होते; नंतर वाचकांसाठी त्याला पुन्हा हाती घेतले. बत्तीस पूर्ण कथा आणि एक अपूर्ण कथा एवढा हा संसार आहे. कोलकात्याच्या गल्ल्यांतून हिंडणारा हा नायक उत्तरायुष्यात पुण्याच्या लेखनमेजावर वाढला, हे मराठीच्या विद्यार्थ्याने विसरू नये. याच लेखकाने शिवकालीन महाराष्ट्रात घडणाऱ्या सदाशिव नावाच्या मुलाच्या साहसकथाही बंगालीत लिहिल्या.

बंगाली आणि मराठी यांचा शेजार आपल्या भागाला नवा नाही. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची गावे आहेत. बल्लारपूरसारख्या गावात कागद कारखाना, कोळसा खाणी आणि रेल्वे यांमुळे मराठी, तेलुगू, हिंदी, गोंडी आणि बंगाली एकाच बाजारात ऐकू येतात. त्यामुळे ब्योमकेश हा आपल्याला अगदीच परका पाहुणा ठरत नाही.

एका कथेत दोन कथा

फ्रेंच समीक्षक त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९६६ मध्ये गुप्तहेरकथेच्या रचनेबद्दल एक उपयुक्त निरीक्षण मांडले. त्यांच्या मते अशा प्रत्येक कथेत दोन कथा असतात. पहिली गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली कथा दुसरी सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेली असते. आपण जे वाचतो किंवा पाहतो ती दुसरी कथा होय.

या भेदामुळे आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. खुनी कोण हे पहिल्या कथेचे उत्तर आहे. ते एकदा कळले की त्यात नवे काही उरत नाही. तपासाची कथा मात्र उत्तर कळल्यावर अधिक स्पष्ट दिसू लागते. पहिल्यांदा पाहताना आपण अजितच्या बरोबर चालतो, तो फसतो तेथे फसतो. दुसऱ्यांदा पाहताना ब्योमकेशची नजर कोठे थांबली, कोणत्या उत्तरावर त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही, कोणती वस्तू त्याने हातात घेऊन परत ठेवली, हे आपण टिपू लागतो. पहिल्या वेळी आपल्याला उत्तर हवे असते, दुसऱ्या वेळी उत्तरापर्यंत पोहोचण्याची वाट. ज्या मालिकेत ही वाट नीट बांधलेली नसते, ती दुसऱ्यांदा पाहवत नाही.

बासू चटर्जी यांनी ही वाट बांधताना घाई केली नाही. माणसे खोलीत बसून बोलतात, चहा पितात, वर्तमानपत्र वाचतात. ‘पथेर काँटा’ या कथेत तर वर्तमानपत्रातली एक छोटी, चमत्कारिक जाहिरातच तपासाचे दार उघडते. शहरात माणसे भर रस्त्यात मरून पडतात आणि त्यांच्या शरीरात ग्रामोफोनची पिन सापडते. अशी पिन त्या काळी घरोघरी असे. भयंकर गोष्ट अगदी साध्या वस्तूत लपलेली असू शकते, आणि ती शोधण्यासाठी बंदुकीपेक्षा लक्ष देऊन पाहणे व ऐकणे अधिक उपयोगी पडते, हे येथे कोणी उपदेश न करता कळते.

‘सत्यान्वेषी’ हा शब्द

ब्योमकेशला स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेणे आवडत नाही. त्याच्या दारावरील पाटीवर ‘सत्यान्वेषी’ असे लिहिलेले आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने या शब्दापाशी थोडे थांबावे. मराठीत ‘हेर’ हा राज्याचा माणूस. तो शत्रूच्या गोटात शिरतो आणि बातमी धन्यापर्यंत पोहोचवतो. त्याच शब्दाशी ‘हेरणे’ हे सुंदर क्रियापद जोडलेले आहे. नेमके ते टिपणे, गर्दीतून एक गोष्ट नजरेने वेगळी काढणे, असा त्याचा अर्थ. पण हेराची निष्ठा कोणाच्या तरी बाजूशी असते. अन्वेषण करणाऱ्याची निष्ठा सत्याशी असते, ते कोणाच्या बाजूचे निघेल हे त्याला आधी ठाऊक नसते.

‘अर्थमनर्थम्’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. श्रीमंत करालीबाबूंचा खून होतो. घरात त्यांचे आश्रित नातेवाईक असतात आणि मृत्युपत्र वारंवार बदललेले असते. पुरावे सापडतात ते सुकुमार या वैद्यकाच्या विद्यार्थ्याविरुद्ध. खून करण्याची पद्धतही शरीरशास्त्र जाणणाऱ्याची वाटते. पोलिसांना आणखी काय हवे? ते त्याला अटक करतात. सुकुमारची बहीण सत्यवती ब्योमकेशकडे येते. तिच्याजवळ पुरावा नाही, केवळ भावावरचा विश्वास आहे. ब्योमकेश तिच्या विश्वासालाही पुरावा मानत नाही आणि पोलिसांच्या खात्रीलाही नाही. तो एकच गोष्ट विचारात घेतो: सगळे धागे इतक्या सोयीने एकाच माणसाकडे कसे जातात? ज्यांनी ही कथा पाहिली नसेल त्यांच्यासाठी शेवट येथे सांगत नाही. मात्र संशय आणि पुरावा यांतला फरक शिकवण्यासाठी यापेक्षा चांगला पाठ मला सुचत नाही.

अजित या पात्राचे महत्त्वही येथेच कळते. अजित लेखक आहे, सुशिक्षित आहे, सज्जन आहे. तरीही त्याचे अंदाज चुकतात. कारण त्याला जे आवडत नाही ते त्याला संशयास्पद वाटते आणि जे सभ्य दिसते ते निर्दोष वाटते. प्रेक्षक म्हणून आपण नेमके हेच करतो. मालिका आपल्याला हिणवत नाही, ती आपल्या चुका अजितच्या पदरात घालते आणि आपल्याला सावकाश सुधारू देते.

मराठी परंपरेतील स्थान

या प्रकारचे साहित्य मराठीला नवे नव्हते. बाबुराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. भालबा केळकर यांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे सत्यजित राय यांचा फेलूदा मराठी मुलांना भेटला. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मालिकेने पोलीस तपासाचे मराठी रूप दाखवले. तिच्याशी जोडलेले बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम हे दोघे पुढे १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सी.आय.डी.’ या हिंदी मालिकेत देशभर गाजले.

एवढे असूनही मराठी समीक्षेने रहस्यकथेला बहुधा वाचनालयाच्या मागच्या कपाटात ठेवले. वेळ घालवण्याचे साहित्य म्हणून तिची बोळवण झाली. हे मला मान्य नाही. वेळ घालवण्यासाठी वाचलेल्या पुस्तकांनीच अनेकांना वाचक केले, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चांगली रहस्यकथा वाचकाकडून जी कृती करवून घेते, म्हणजे तपशील जपून ठेवणे, दोन विधानांतील विसंगती पकडणे, सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवावा हे ठरवणे, तीच कृती आपण कविता किंवा कादंबरी अभ्यासताना करतो. संहितेचे बारकाईने वाचन म्हणजे वेगळे काय असते?

अर्थात सगळ्या तपासमालिका सारख्या नाहीत. ‘सी.आय.डी.’मधील दया ज्या जोराने दरवाजे तोडतो, त्यात निखळ मौज आहे, ती मौज कमी लेखण्याचे कारण नाही. पण तेथे सत्य बंद दारामागे तयारच असते, खांदा लावला की मिळते. ब्योमकेशच्या जगात दारे बहुधा उघडीच असतात. समोर बसलेला माणूस चहा देत असतो. अडसर दाराला नसून पाहणाऱ्याच्या समजुतीला असतो.

आपल्या मुलखातील प्रश्न

आता बल्लारपूरच्या परिसराकडे वळू. येथे जंगलालगत राहणाऱ्यांना तपासाची एक पद्धत पुस्तकाविनाही ठाऊक आहे. वाटेवरच्या धुळीतील ठसा पाहून जनावर कोणते, किती वेळापूर्वी गेले, कोणत्या दिशेने गेले, हे सांगणारी माणसे गावोगाव आहेत. माग काढणे हा आपल्याकडचा जुना अन्वेषणविचार आहे. जमीन कोणाची बाजू घेत नाही आणि वाचणाऱ्याने घाई केली तर ती चुकीचे उत्तर देते.

वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला की गावात दुःख आणि संताप उसळतो, आणि तो समजण्यासारखा आहे. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला धीर धरा असे सांगणे सोपे नसते. परंतु हल्ला नेमका कोणत्या वाघाने केला, हा प्रश्न सोडून चालत नाही. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे वेगळे असतात. ट्रॅप कॅमेऱ्यात मिळालेली छायाचित्रे ताडून पाहून विशिष्ट वाघ ओळखावा लागतो. दिसेल तो वाघ पकडला तर गावाला समाधान मिळेल, सुरक्षितता मिळेलच असे नाही. हल्ला करणारा वाघ मोकळाच राहू शकतो. येथे धीराने केलेला तपास वाघाइतकाच माणसाच्याही भल्याचा असतो.

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी (खुर्द) या गावी, जादूटोणा करतात या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण करण्यात आली. त्यांत स्त्रिया आणि वृद्धही होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरीही त्यानंतर आठ वर्षांनी हे घडले. अशा प्रसंगात गुन्ह्याची कथा मुळात अस्तित्वातच नसते. कोणी आजारी पडतो, कोणाचे मूल दगावते आणि दुःखाला कारण हवे असते. ते कारण एखाद्या एकाकी स्त्रीच्या किंवा दुबळ्या कुटुंबाच्या अंगावर ढकलले जाते. तपासाच्या जागी कुजबुज येते आणि निकाल आधीच लागलेला असतो.

ब्योमकेश पाहिल्याने असे प्रकार थांबतील, असा भोळा दावा मी करणार नाही. त्यासाठी कायदा, दवाखाना, शाळा आणि गावातील धाडसी माणसे लागतात. पण गर्दीत उभे राहून ‘हे कोणी पाहिले?’ असा एक प्रश्न विचारणारा माणूस कोठून येतो? त्याच्या मनाला तो प्रश्न विचारण्याची सवय कोठे तरी लागलेली असावी लागते. साहित्य आणि चांगली मालिका ही सवय लावतात, एवढेच माझे म्हणणे आहे. हे थोडे वाटले तरी क्षुल्लक नाही.

दोन आक्षेप

या मतावर दोन आक्षेप घेता येतील आणि ते दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की, ब्योमकेश स्वतःच अनेकदा न्यायाधीश होतो. काही कथांत तो सत्य शोधतो, पण अपराध्याला कायद्याच्या हाती देत नाही. मग गर्दीने स्वतः निवाडा करणे आणि त्याने करणे यांत फरक कोणता? फरक आहे, परंतु तो पूर्ण समाधान देणारा नाही. गर्दी सत्य कळण्यापूर्वी शिक्षा करते; ब्योमकेश सत्य कळल्यानंतर कधी कधी शिक्षा टाळतो. त्याची चूक असलीच तर दयेच्या बाजूची असते. तरीही एका माणसाच्या विवेकावर सारे सोपवणे धोक्याचेच आहे, आणि वाचकाने ते नजरेआड करू नये.

दुसरा आक्षेप या जगाच्या मर्यादेबद्दलचा आहे. ब्योमकेशचे कोलकाता प्रामुख्याने सुशिक्षित, सुस्थित माणसांचे आहे. त्यात नोकर चहा आणतात, पण त्यांची कथा क्वचितच सांगितली जाते. सत्यवतीसारखी निर्भय मुलगी लग्नानंतर बरीचशी घरात मागे राहते. जंगलात बांबू तोडणारा, खाणीत उतरणारा, तेंदूपाने गोळा करणारी बाई यांना या बैठकीत जागा नाही. हा आक्षेप मी मान्य करतो. म्हणूनच या मुलखातील रहस्यकथा अजून लिहिली जायची आहे, असे मला वाटते. तिचा नायक कदाचित वनमजूर असेल, अंगणवाडी सेविका असेल किंवा बल्लारशाह स्थानकावर रात्रपाळी करणारा कर्मचारी असेल. कोणाला तरी गोंडी येत असल्यामुळे एखादी साक्ष उलगडेल. अशा कथेसाठी लागणारी सामग्री तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे.

समारोप

तुम्ही नोकरी, शेती, घर, मुले हे सारे सांभाळून रात्री पुस्तक उघडणारे विद्यार्थी आहात. वर्गात शिक्षकाने सांगितलेले टिपून घेण्याची सोय तुम्हाला नाही. पुस्तिकेतील विधान खरे की खोटे, उदाहरण लागू पडते की नाही, हे तुम्हाला बहुतेक वेळा एकट्यानेच ठरवावे लागते. ही अडचण आहे, पण हीच सत्यान्वेषीची स्थितीही आहे. वय आणि अनुभव ही तुमची जमेची बाजू होय. माणसे खोटे का बोलतात, गप्प का बसतात, कोणाला कशाची भीती वाटते, हे वीस वर्षांच्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्हाला अधिक कळते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. ‘ब्योमकेश बक्षी’चा कोणताही एक भाग दोनदा पाहा. पहिल्यांदा पाहताना तुम्हाला कोणाचा संशय आला आणि कोणत्या क्षणी आला, हे वहीत लिहून ठेवा. दुसऱ्यांदा पाहताना तो संशय कशामुळे आला ते शोधा. पुरावा होता म्हणून आला, की त्या माणसाचा चेहरा, बोली, गरिबी किंवा श्रीमंती यांमुळे आला? उत्तर प्रामाणिकपणे लिहा. ते वाचून दाखवण्याचे बंधन नाही. त्यानंतर गावात, कार्यालयात किंवा मोबाइलवर एखाद्याविषयीची बातमी तुमच्यापर्यंत येईल, तेव्हा ती पुढे पाठवण्यापूर्वी तीच वही एकदा उघडून पाहा.